हात उठण्याआधी

"तो मारायला लागला की काय करायचं?" बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकसभेत, विशेष शाळेच्या स्टाफरूममध्ये, मोठ्या मुलांना काम शिकवणाऱ्या उद्योगशाळेच्या दारात हा प्रश्न याच शब्दांत विचारला जातो. उत्तर आहे, पुढे दिलंही आहे, पण ते फार छोटं आहे. बाजूला व्हा, बाकीच्यांना बाहेर काढा, कमी बोला, वाट पाहा. हात उठल्यावर करण्यासारखं एवढंच उरतं. खरं काम त्याच्या आधीच्या तासात, आधीच्या आठवड्यात आणि पुष्कळदा आधीच्या काही वर्षांत असतं.

हे लिखाण मुख्यतः १४-१५ वर्षांपुढच्या, मोठ्या झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींबद्दल आहे. सहाव्या वर्षी चिमटा काढला की आई बिस्किट द्यायची. तोच चिमटा सोळाव्या वर्षी सत्तर किलोच्या अंगातून येतो आणि मग घरात "हल्ली फार आक्रमक झालाय" असं बोललं जातं. तो बहुधा नवीन काही शिकलेला नसतो. त्याला जे येतं तेच तो करतोय, फक्त आता ते लागतं.

पण जो माणूस आजवर शांत होता आणि गेल्या दोन-चार आठवड्यांत बदलला, त्याच्या बाबतीत वर्तनाचा विचार नंतर. आधी शरीर.

आधी डॉक्टर, मग वही

ज्याला "माझी दाढ दुखते" हे सांगता येत नाही, त्याची दाढ दुखली तर तो काय करेल? जेवणाचं ताट भिरकावेल, एकाच बाजूने चावेल, गालावर बुक्के मारेल, ब्रश घेऊन जवळ आलेल्या माणसाला ढकलेल. दात हे पहिलं ठिकाण. दुसरं कान: साठलेला मळ, वाहणारा कान. तिसरं पोट, आणि इथे सगळ्यात जास्त चुकतं. बद्धकोष्ठता कित्येक महिने लक्षात येत नाही, कारण मोठा माणूस संडासला स्वतः जातो आणि घरच्यांना वाटतं, होत असेल. घट्ट मळ अडकलेला असताना त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, चड्डी खराब होते, घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात आणि प्रकरण आणखी घट्ट होतं. दोन आठवडे कॅलेंडरवर फक्त खूण करा: झाली की नाही, किती, कशी. डॉक्टरांना "पोट साफ नसतं वाटतं" असं सांगण्यापेक्षा हे कॅलेंडर दाखवलं तर पाच मिनिटांत निर्णय होतो.

आम्लपित्त वर येत असेल तर त्रास जेवणानंतर आणि आडवं झाल्यावर वाढतो. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा आणि मारण्याच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा. मेळ बसला तर वेदनाशामक कधी, किती आणि पाळीच्या किती आधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारता येतं. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीत थायरॉइड कमी होणं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, मोतीबिंदू, ऐकू कमी येणं या गोष्टी सामान्य लोकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात. चाळिशीनंतर त्यांच्यात स्मृतिभ्रंशही लवकर सुरू होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं रूप कधीकधी चिडचिड हेच असतं.

फिट्सची औषधं हा वेगळाच विषय. लेव्हेटिरासिटाम हे उत्तम औषध आहे, पण काहींच्यात त्याने चिडचिड आणि मारामारी वाढते. फिनोबार्बिटोन आणि क्लोबाझामच्या बाबतीतही हे दिसतं. नवीन औषध किंवा वाढलेला डोस आणि वर्तनातला बदल यांच्या तारखा शेजारी ठेवून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. स्वतःहून गोळी बंद करू नका, फिट्स उसळतात. आणखी एक: फिट येऊन गेल्यावर माणूस काही मिनिटं गोंधळलेला असतो. त्या वेळी त्याला धरून उठवायला गेलं की तो ढकलतो, हाणतो. त्याला हल्ला म्हणून वहीत लिहू नका. हात काढून घ्या, कुशीवर राहू द्या, सोबत बसा.

वही

शारीरिक कारणं तपासून झाली, किंवा तपासणी चालू असताना, एक साधी वही घाला. रकाने पाच: वेळ आणि जागा, आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर लगेच बाकीच्यांनी काय केलं, किती वेळात शांत झाला. व्हिडिओत जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. "हट्ट केला", "मुद्दाम केलं", "मूड नव्हता" हे शब्द वहीत नकोत, त्यांच्यावरून पुढे काहीच ठरवता येत नाही. "अचानक", "काही कारण नसताना" असं लिहावंसं वाटलं, तर त्याआधीची पंधरा मिनिटं आठवून लिहा.

एक नमुना घेऊ. उद्योगशाळेत पाकिटं चिकटवणारा बावीस वर्षांचा मुलगा, समजा. वहीत अशी नोंद आहे: "मंगळवार ११.२०. पाकिटं चिकटवत होता, पाऊण तास झाला. ताईंनी दुसरा गठ्ठा समोर ठेवला. गठ्ठा ढकलला, ताईंच्या दंडाला चिमटा. व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. पाच मिनिटांत शांत." अशा दहा-पंधरा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. गुरुवारी तेच, शनिवारी तेच, वेळ साधारण तीच, आणि प्रत्येक वेळी शेवट व्हरांड्यात. सगळ्यांना वाटतंय की व्हरांड्यात बसवणं ही शिक्षा आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर पाकिटं थांबवायचा त्याला ठाऊक असलेला हा एकमेव मार्ग आहे आणि तो दर वेळी चालतो.

दिवसाच्या वर दोन ओळी वेगळ्या ठेवा: रात्री किती झोपला आणि सकाळी काय वेगळं घडलं. उशिरा आलेली स्कूलबस, न झालेला नाश्ता, घरी पाहुणे, लाइट गेल्याने पंख्याविना काढलेली रात्र. यांतली कुठलीच गोष्ट थेट हात उचलायला लावत नाही. त्या दिवशी सहनशक्ती मात्र निम्म्यावर आलेली असते, आणि एरवी पाऊण तास चालणारं काम वीस मिनिटांत नकोसं होतं.

चांगल्या दिवसांचीही नोंद ठेवा, ही कुणी ठेवत नाही. बुधवारी काहीच का झालं नाही? बुधवारी काम बागेत असतं, ताई दुसऱ्या असतात, की गोंगाट कमी असतो? याचं उत्तर पुष्कळदा वाईट दिवसांच्या नोंदींपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ज्यांना रीतसर साधन हवंय त्यांच्यासाठी सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ साली मुलांसाठी तयार केलेली बेसिक-एमआर ही मापनश्रेणी आहे. तिच्या दुसऱ्या भागात समस्यावर्तनाच्या ७५ बाबी दहा गटांत मांडल्या आहेत. मोठ्यांसाठी बासल-एमआर आहे. विशेष शिक्षकांना या दोन्ही ठाऊक असतात. फॉर्म भरून फाइलला लावला की काम झालं असं मात्र समजू नका. श्रेणीवरून किती होतंय ते कळतं, का होतंय ते वहीवरूनच कळतं.

मारून काय मिळतं?

वही वाचताना चौथ्या रकान्यावर बोट ठेवा. मारल्यानंतर लगेच काय मिळालं किंवा काय टळलं? उत्तरं साधारण चार. नको असलेलं काम, माणूस, आवाज किंवा जागा टळते. कुणीतरी लक्ष देतं, मग ते ओरडणं का असेना. हवी ती वस्तू हातात येते, आणि हल्ली ही वस्तू बहुतेक वेळा मोबाइल असते. किंवा बाहेरून काहीच बदलत नाही, आतलं काही शमतं: वेदना, भूक, घाबरणं, अंगाला हवासा वाटणारा दाब.

कृती एकच असून कारणं वेगळी असू शकतात. शाळेत केस ओढतो तो काम टाळायला, घरी केस ओढतो तो आई फोनवर बोलत असते म्हणून. दोन्हीकडे एकच उपाय केला तर एकीकडे हमखास उलटतो. "कोपऱ्यात बसव" हा उपाय लक्षासाठी मारणाऱ्यावर थोडाफार चालेल, काम टाळण्यासाठी मारणाऱ्याला ते बक्षीस आहे. तीच गत "आज मारलं, घरी घेऊन जा" या फोनची. शाळेतून घरी पाठवण्याने त्या दिवसापुरती शाळेची सोय होते, आणि मुलगा शिकतो की अकरा वाजता एक चावा म्हणजे घर. हे शाळांना कडू लागेल, पण महिनाभर असं चाललं की मुलगा शाळेत टिकतच नाही, हे बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळतं.

तेच काम करणारा दुसरा रस्ता

१९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की त्रासदायक वर्तनातून जे मिळतं तेच मागायचा सोपा शब्द शिकवला की ते वर्तन कमी होतं. आजही या कामाचा पाया तोच आहे. शब्द तोंडानेच बोलला पाहिजे असं नाही. खूण, चित्र, वस्तू, घंटी, काहीही चालतं. अट एकच: नवा मार्ग चिमट्यापेक्षा सोपा, जलद आणि जास्त भरवशाचा हवा. तो तसा नसेल तर त्याने चिमटा का सोडावा?

आपल्या पाकिटवाल्या मुलाचंच घेऊ. त्याला पाऊण तासाला असह्य होतं, तर पहिली सुट्टी पंधराव्या-विसाव्या मिनिटालाच. निम्म्याहून कमी वेळ धरायचा, म्हणजे तो चिडायच्या आत शिकवता येतं. एक कार्ड करायचं, पत्त्याएवढं, लॅमिनेट केलेलं, त्यावर व्हरांड्यातल्या त्याच बाकाचा फोटो. छापील गोड चित्र नको, खऱ्या बाकाचा फोटो. ते वेल्क्रोने त्याच्या टेबलावर, त्याच्या चालत्या हाताच्या बाजूला लावायचं.

शिकवायला सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर, ज्यांना कार्ड द्यायचं त्या ताई. दुसरी व्यक्ती मागे, न बोलता उभी. पंधराव्या मिनिटाला मागच्या व्यक्तीने त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्यायचा, कार्ड काढून ताईंच्या हातात ठेवू द्यायचं. ताईंनी त्याच क्षणी "सुट्टी" एवढाच शब्द म्हणून काम बाजूला सरकवायचं. दोन सेकंदांत. "आत्ताच तर बसलास", "एवढं संपव मग", यांतलं काहीही नको. बाकावर तीन मिनिटं, वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर त्याला दिसेल असा. परत आल्यावर पूर्ण गठ्ठा समोर ठेवायचा नाही, पाचच पाकिटं. मागच्या माणसाची मदत दर दिवशी कमी करत जायची: मनगटाला धरणं, मग कोपराला स्पर्श, मग नुसतं कार्डाकडे बोट. तो स्वतःहून कार्ड उचलायला लागला की मागचा माणूस हटतो.

पहिल्या आठवड्यात तो दिवसाला वीस वेळा कार्ड देईल. द्यायचीच सुट्टी, वीसही वेळा. "असं तर तो कामच करणार नाही" हा आक्षेप इथे ठरलेला असतो आणि तो खराही आहे: एक-दोन आठवडे पाकिटं कमी होतात. ती किंमत आहे. चिमटे आठवडाभर बंद राहिले की मग "अजून दोन" सुरू करायचं. कार्ड घेतलं, "अजून दोन" म्हणून दोनच पाकिटं समोर ठेवली, ती झाली की सुट्टी. मग चार, मग आठ. चिमटा परत आला तर एक पायरी खाली.

यात बिघडतं कुठे, ते ठरलेलं आहे. कार्ड कपाटात किंवा ताईंच्या पर्समध्ये राहतं. तोंड कपाटात ठेवल्यासारखंच ते. बदलीच्या ताईंना कुणी सांगितलेलं नसतं आणि त्या "नंतर" म्हणतात. सुट्टीत मोबाइल दिला जातो, मग परतीच्या वेळी मोबाइल काढून घेण्यावरून नवीन मारामारी होते. आणि सगळ्यात बारीक चूक: त्याने चिमटा काढला की घाईघाईने कार्ड पुढे करतात. त्यातून तो शिकतो: चिमटा, मग कार्ड, मग सुट्टी. चिमटा झालाच, तर तो जरा निवळल्यावर एक पाकीट, अगदी सोपं, हातावर हात ठेवून का होईना, करून घ्यायचं आणि मग कार्ड.

जुना मार्ग बंद केला की तो पहिले काही दिवस जोरात वाढतो. बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपणही चार वेळा जोरात दाबतो, तसंच हे. हे आधी माहीत नसेल तर घरचे चौथ्या दिवशी हार मानतात आणि मोबाइल देतात, आणि आता मुलगा चिमट्याऐवजी डोकं आपटल्यावर मोबाइल मिळतो हे शिकतो. नऊदा नाकारून दहाव्यांदा देणं हे रोज देण्यापेक्षा वाईट, कारण त्यातून दहाव्यापर्यंत टिकायची चिकाटी येते. म्हणून नवा मार्ग पक्का शिकवल्याशिवाय जुना बंद करायचा नाही. घरात लग्न असताना, आजी आजारी असताना, वडील परगावी असताना सुरू करायचं नाही. आणि ज्या वर्तनात डोळा फुटेल, डोकं फुटेल, तिथे "लक्षच देऊ नका" हा सल्ला कुणी दिला तर तो ऐकायचा नाही.

दिवस दिसला पाहिजे

पुढे काय होणार हे न कळणं, हे मारामारीचं फार मोठं कारण आहे आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सहा-सात गोष्टी फोटोंनी भिंतीवर, डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली. झालेली गोष्ट काढून डब्यात टाकायची. ज्याला फोटो कळत नाहीत त्याला वस्तू: आंघोळीआधी तांब्या हातात, बाहेर जायच्या आधी चप्पल, जेवणाआधी त्याचंच ताट. ज्याला सहा गोष्टी जड जातात त्याला दोनच: आधी हे, मग ते. "आधी गोळी, मग चहा."

बोलणं कमी करा. "चल रे बाळा, उठ आता, उशीर होतोय, गाडी येईल, काका ओरडतील, काल काय झालं होतं आठवतं ना" या वाक्यात त्याच्यासाठी "चल" एवढाच शब्द आहे, बाकीचा गोंगाट. दोन-तीन शब्द, आणि मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. या दहा सेकंदांत आपण पुन्हा सांगितलं की त्याचं ऐकलेलं पुसलं जातं आणि तो पहिल्यापासून सुरू करतो.

नकार देताना "नाही" हा शब्द एकटा नको, कधी मिळेल ते सोबत हवं. "आइसक्रीम नाही" यावर भांडण होतं. "आइसक्रीम रविवारी" आणि कॅलेंडरवरच्या रविवारी आइसक्रीमचं चित्र, यावर पुष्कळदा निभावतं. रविवारी मात्र द्यायचं, पाऊस असला तरी.

सणांचं वेगळं. ढोल-ताशा, डीजे, फटाके हे ज्याला सहन होत नाही त्याला मिरवणुकीच्या वाटेवर उभं करून "मजा बघ" म्हणण्यात अर्थ नाही. कानावर घालायचे आवाजरोधक मफ ऐन वेळी घातले तर तो फेकून देतो; महिनाभर आधीपासून रोज पाच मिनिटं, आवडतं काही चालू असताना घालायची सवय लावावी लागते. विसर्जनाचा रस्ता घरावरून जात असेल तर त्या दिवसापुरती नातेवाइकांकडे सोय करा, आवाज सुरू व्हायच्या आत निघा.

वयात आलेल्या मुलामुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती कुणी बोलत नाही. हस्तमैथुन करताना हात ओढून काढला, चारचौघांत ओरडलं, की हात उठतो. इथे थांबवण्याऐवजी जागा शिकवायची: फक्त स्वतःची खोली किंवा बाथरूम, दार बंद. दाराचा फोटो हेच कार्ड. एका खोलीच्या घरातही दिवसातली ठरलेली अर्ध्या तासाची खासगी वेळ काढता येते, काढावी.

आणि तरीही हात उठला तर

प्रत्येकाची स्वतःची आगाऊ चिन्हं असतात: येरझाऱ्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा, कान लाल होणं, नख चावणं, एकाएकी अगदी गप्प होणं. ती लिहून ठेवा. या टप्प्यावर मागणी मागे घ्या, अगदी बिनदिक्कत. "आता मागे घेतलं तर लाडावेल" हा विचार शांत वेळी करायचा. या घडीला त्याला शिकवता काहीच येत नाही.

एकानेच बोलायचं, ज्याचं तो ऐकतो त्याने. बाकीची मुलं बाहेर; त्याला बाहेर काढण्यापेक्षा बाकीच्यांना काढणं जवळजवळ नेहमी सोपं असतं. दोन हात अंतर, समोरासमोर न राहता जरा तिरकं उभं राहायचं, हात खुले आणि खाली. दार त्याच्यासाठी मोकळं असलं पाहिजे आणि तुमच्यासाठीही. प्रश्न विचारायचे नाहीत. "का करतोस असं?" याचं उत्तर त्याच्याकडे शांत असतानाही नसतं.

कपड्यांचा विचार सकाळीच. केस बांधलेले, ओढणी पिन केलेली किंवा नाहीच, लोंबते कानातले नाहीत, मंगळसूत्र आत. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी.

केस धरले तर मागे ओढू नका. दोन्ही हातांनी त्याची मूठ आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरा, म्हणजे मुळांवर ताण येत नाही, आणि त्याच्या दिशेने जवळ जा. गप्प राहा. मूठ दमते, तेव्हा सुटते. दुसऱ्या कुणी येऊन बोटं एकेक करून उलटी वाकवणं टाळा, बोट मोडतं. चावलं तर झटका देऊन हात काढायचा नाही, मांस फाटतं. हात हलकेच त्याच्या तोंडाकडेच दाबा, जबडा उघडतो. नाक दाबू नका. चाव्याने कातडी फुटली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माणसाचा चावा लवकर पिकतो. धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि प्रतिजैविक या तिन्हींचा विचार लागतो. शाळेच्या आणि वसतिगृहाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस दिलेली असावी.

एक गोष्ट कधीही करायची नाही: पालथं पाडून पाठीवर बसणं किंवा गुडघा ठेवणं. त्यात श्वास कोंडून माणसं मेली आहेत, आणि जाड, दमेकरी, जास्त औषधं घेणाऱ्या व्यक्तीत धोका आणखी वाढतो. "श्वास घेता येत नाही" हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याची धडपड आपल्याला आणखी विरोध वाटते. खोलीत कोंडणं, खाटेला बांधणं हेही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांमध्ये साखळीने बांधणं आणि एकांतात कोंडणं यांवर बंदी घातली आहे. रुग्णालयात जे गुन्हा ठरतं ते घराच्या मागच्या खोलीत उपचार ठरत नाही.

वादळ ओसरल्यावरचा अर्धा-पाऊण तास, कधी दीड तास, सगळ्यात फसवा. चेहरा शांत दिसतो, अंग अजून तापलेलं असतं. याच वेळी कुणीतरी येऊन "सॉरी म्हण ताईंना" असा आग्रह धरतं आणि दुसरा स्फोट होतो, पहिल्यापेक्षा मोठा. पाणी द्या, एकटं बसू द्या, नंतर एखादं हमखास जमणारं काम. सॉरीतून त्याला काही कळत नाही; सांडलेलं उचलायला लावणं जमेल तसं पुढे करता येईल. वही मात्र त्याच दिवशी लिहा.

गोळी

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात गैर काही नाही. बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे, पण त्या व्यक्तीला नैराश्य, चिंता, सायकोसिस (भास-भ्रम होणं) हे आजार इतरांसारखेच होऊ शकतात, आणि ते असतील तर उपचार हवेतच. प्रश्न आहे तो आजार नसताना, फक्त मारतो म्हणून, वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन-हॅलोपेरिडॉलसारख्या, मुळात सायकोसिसवरच्या औषधांचा. २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत आक्रमक वर्तन असलेल्या ८६ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली होती. चार आठवड्यांत तिन्ही गटांत आक्रमकता घटली, आणि सर्वांत जास्त घट नुसत्या गोळीच्या गटात होती. याचा अर्थ औषध कुणालाच लागू पडत नाही असा नाही. चाचणी लहान होती. पण "गोळी सुरू केली आणि फरक पडला" एवढ्यावरून फरक गोळीनेच पडला असं ठरत नाही, हे त्यातून नीट दिसतं.

उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१५ ची शिफारस आपल्याकडेही वापरण्याजोगी आहे: आधी वर्तनाचे उपाय; ते ठरलेल्या मुदतीत पुरे पडले नाहीत किंवा धोका फार मोठा असला तरच त्यांच्या जोडीला औषध; तीन-चार आठवड्यांनी आढावा; सहा आठवड्यांत फरक नसेल तर बंद. डॉक्टरांकडे जाताना वही न्या. "कशासाठी देताय, किती दिवसांत काय दिसलं म्हणजे चालली म्हणायची, आणि थांबवायची कधी?" हे तीन प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा. सुरुवातीलाच वजन, साखर आणि चरबीची तपासणी करून ठेवा, कारण रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं. मुलींची पाळी थांबली, छातीतून दूध आलं, तर ते त्याच गोळीमुळे असू शकतं.

एका परिणामाकडे विशेष लक्ष द्या. या औषधांनी काहींना आतून विलक्षण अस्वस्थता येते: बसवत नाही, पाय सतत हलतात, येरझाऱ्या थांबत नाहीत, जवळ आलेल्याला ढकलतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टर डोस वाढवतात, अस्वस्थता आणखी वाढते. डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत हे दिसलं तर लगेच डॉक्टरांना नेमके हेच शब्द सांगा. बंद करायचं असलं तरी त्यांच्याच सल्ल्याने, हळूहळू.

कागदपत्रांचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची, दिव्यांगांसाठीची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च देते. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. भरती करण्याची, शस्त्रक्रियेची वेळ आल्यावर हे आठवतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवटी एक कागद, एकच पानाचा, घराच्या दारामागे आणि स्कूलबसच्या काकांकडे. वर फोटो आणि नाव. खाली, त्याला काय आवडतं त्या तीन गोष्टी. मग काय सहन होत नाही. तो चिडायला लागला हे कशावरून ओळखायचं. तेव्हा काय म्हणायचं, नेमक्या शब्दांत. काय म्हणायचं नाही. कुठे दुखत असू शकतं. औषधं आणि फिट आली तर काय. दोन फोन नंबर. दर सहा महिन्यांनी तारीख टाकून पुन्हा लिहायचा, कारण नवीन आलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा तीन वर्षांपूर्वीचा कागद असतो आणि त्यातलं बिस्किट त्याने केव्हाच सोडलेलं असतं.